गांधीलमाशीनं कुणी मरतं का?

पहिला फोन आला तेव्हा मी पुण्यात, शाळेच्या कार्यालयात दाखल्यांवर शिक्के मारत होते. फोन दाजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. ते चाकणला कंपनीत आहेत, कामाच्या वेळात कधी फोन करत नाहीत. म्हणाले, "शकूला गांधीलमाशी चावली म्हणं. आमच्या धाकट्याचा, विलासचा फोन आला व्हता. दवाखान्यात न्हेत्यात तिला." आणि मी, जिला सगळं ठाऊक होतं, जिच्यासमोर ताईनं डॉक्टरांचा कागद दोनदा वाचून दाखवला होता, ती मी म्हणाले, "एवढंच ना? चुना लावला का?" शिक्का हातातच होता. पुढच्या दाखल्यावर तो मी नीट उमटवलाही. मग तो कागद आठवला, आणि शिक्का तसाच टाकून मी उठले. रिक्षा करून घरी, घरून मुलाला घेऊन गाडीनं नाशिक रस्त्याला लागलो. राजगुरूनगर मागं पडलं आणि दुसरा फोन आला.  नुसता दाजींचा श्वास ऐकू येत होता, आणि मागं कुणीतरी बाई मोठ्यानं रडत होती...

ताईला जाऊन आता सात आठवडे होतील. या सात आठवड्यांत मला भेटायला आलेल्या प्रत्येक माणसानं, अगदी प्रत्येकानं, एकच प्रश्न विचारला आहे. आधी चेहऱ्यावर दुःख असतं, मग डोळे बारीक होतात आणि आवाज खाली येतो. "पण खरंच गांधीलमाशीनं? गांधीलमाशीनं कुणी मरतं का?" काहींनी तर मला समजावूनही सांगितलं की आतून काहीतरी दुसरं असणार, हार्टचं, नाहीतर बी.पी.चं, माशी फक्त निमित्त झाली. मी सुरुवातीला उत्तर द्यायचे. आता देत नाही. आता हे लिहिते आहे.

आमचं माहेर महाळुंगे पडवळ. गोठ्याच्या वळचणीला, कडब्याच्या गंजीत, विहिरीच्या कपारीत, जिथं सावली तिथं गांधीलमाश्यांचं पोळं असायचंच. मी लांबूनच किंचाळायचे. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, ती मात्र काठीला गोणपाटाचा तुकडा बांधायची, पेटवून त्याचा धूर करायची आणि ओढणी डोक्याला गुंडाळून सरळ पोळ्याखाली जाऊन उभी राहायची. चावून घ्यायची. एकदा डावा डोळा सुजून पार मिटला होता आणि ती तशीच, एका डोळ्यानं, शाळेत जाऊन गणिताचा पेपर देऊन आली. आसपासच्या वस्तीवरचे लोकही पोळं काढायला तिला बोलवायचे. वडील कौतुकानं म्हणायचे, "आमच्या शकीला माशी चावत न्हाई, आमची शकीच माशीला चावती." ते कौतुकच पुढं तिच्या वाईटावर आलं असं मला आता वाटतं. जिला लहानपणी पन्नास वेळा चावली आणि काही झालं नाही, तिनं पंचेचाळिशीत भ्यावं हे कुणाला पटणार?

एकोणिसाव्या वर्षी ती लग्न होऊन बोरी बुद्रुकला गेली. दाजी कंपनीत, शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. शेत ताईचंच होतं म्हणा ना. टोमॅटो, कांदा, खालच्या अंगाला ऊस. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, पण रोप कुठून आणायचं, फवारणी कधी, मजूर किती, हे तीच ठरवायची. धाकटा दीर विलास शेजारच्याच घरात राहतो. त्याची गाडी आणि ओळखी, हिची मेहनत, असं ते चालायचं. ताई फटकळ होती. मजूर बायकांशी प्रेमानं वागायची पण कामात मागं राहिलेलं तिला खपायचं नाही. मला फोनवर म्हणायची, "तू शिक्के मारती, मी वाफे मारते. दोघींचाबी हात सारखाच दुखतो." आणि मोठ्यानं हसायची. तिचं हसणं ऐकू आलं की माझ्या कार्यालयातल्या बाया विचारायच्या, "गावाकडच्या ताईंचा फोन का?"

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात टोमॅटोची बांधणी चालली होती. पानांच्या आड लिंबाएवढं पोळं होतं, ते दिसलं नाही. मानेवर एकच माशी चावली. ताईनं नेहमीसारखी शिवी दिली, चोळलं आणि पुढची सुतळी ओढली. पाच-सात मिनिटांत तळहात आणि तळपाय खाजायला लागले. मग अंगभर लाल गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, उलटी झाली आणि ती सरीतच आडवी झाली. सुदैवानं त्या वेळी फवारणीच्या औषधांच्या दुकानाची जीप बांधावर उभी होती. तिच्यात मागं झोपवून तिला आळेफाट्याला नेलं. तिथल्या एका डॉक्टरांनी दारातच मांडीत इंजेक्शन दिलं आणि ती वाचली.

ते डॉक्टर वयानं लहान होते पण त्यांनी ताईला समोर बसवून सगळं सांगितलं. आधी कितीही वेळा चावली असली तरी त्याला अर्थ नाही, शरीर एखाद्या दिवशी उलटतं, आणि एकदा उलटलं की पुढच्या वेळी याहून जोरात उलटू शकतं. पोळ्यापासून लांब राहा. घरात या इंजेक्शनच्या, म्हणजे ॲड्रेनालिनच्या, दोन कुप्या आणि सुया ठेवा, ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला ताबडतोब द्यायचं आणि मग दवाखाना गाठायचा. बरं वाटलं तरी गाठायचाच. आडवं झोपवायचं, पाय वर ठेवायचे. उठवून बसवायचं नाही, चालवायचं नाही. हे सगळं त्यांनी मराठीत, मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून दिलं. ताईनं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि स्टीलच्या डब्यात कुप्यांसोबत ठेवला. डबा कपाटात, खालच्या फळीवर, सगळ्यांच्या हाताला येईल असा.

पन्नास वेळा चावून घेणारी ताई त्या दिवसापासून सावध झाली. दाजींचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल, हातात मोजे. यात भित्रेपणा नव्हता. तिनं एक गोष्ट नीट समजून घेतली होती आणि त्याप्रमाणे ती वागत होती. पण लोकांना मजा सापडली. बायका म्हणायच्या, "काय वो, अंतराळात चालला का?" आणि विलास... मागच्या भाऊबीजेला मी तिथं होते, माझ्यासमोरचं सांगते. दुपारी जेवणं झाल्यावर ताईनं सगळ्यांना पडवीत बसवलं. डॉक्टरांकडून ती एक रिकामी सिरिंज मागून घेऊन आली होती. पेल्यात पाणी, ताटलीत मोसंबी. म्हणाली, "माझा हात चालला न्हाई तर तुमच्यातल्या कुणाला तरी हे यायला पायजे. मोसंबी म्हंजे माझी मांडी समजा."

विलास हसत हसत मागं रेलला. "वहिनी, आपल्याकडं बिबट्या दारात येतो राव. त्याला भ्यायचं सोडून तुमी माशीला भेता? गांधीलमाशीनं कुणी मरतं का?"

"बिबट्यासाठी पिंजरा येतो भाऊजी," ताई म्हणाली, "माझ्यासाठी तुमीच हाय."

सगळे हसले. मीही हसले. हे मला लिहायलाच हवं. ताईनं सिरिंज माझ्यापुढं धरली तर मी म्हणाले, "ताई, मला सुई बघवत नाही गं," आणि ताटलीतली दुसरी मोसंबी उचलून सोलायला घेतली. दाजी म्हणाले, "मी तर आठवडाभर नसतोच." विलासला फोन आला, तो उठून अंगणात गेला. ताईच्या सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या पंच्याहत्तरीच्या, हात थरथरतात, ताईशी त्यांचं फारसं कधी पटलंही नाही. मिठाच्या डब्यावरून दोघींचा तीन दिवस अबोला चालल्याचं मी पाहिलं आहे. त्यांनी चष्मा लावला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आण इकडं. दाखव मला." सहा वेळा टोचली त्यांनी ती मोसंबी. सहाव्या वेळी ताई म्हणाली, "आत्याबाई, जमलं."

त्याच दिवशी निघताना ताई मला गाडीपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "पुण्यात ॲलर्जीचे मोठे डॉक्टर असत्यात ना? तू जरा चौकशी कर. नंबर लाव, मी येते." मी म्हणाले, हो, करते. त्यानंतर तिनं दोनदा आठवण करून दिली. एकदा मी म्हणाले, शाळेत परीक्षा आहेत. एकदा म्हणाले, पाऊस संपू दे, मग निवांत ये. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. माझ्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर तसा दवाखाना आहे. पाटी मी रोज वाचत होते. अजूनही रोज वाचते.

या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत, मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला लागून, गांधीलमाश्यांनी पोळं धरलं. पावसाळा संपताना ती पोळी सगळ्यात मोठी असतात. ताईनं विलासला सांगितलं. एकदा नाही, तीनदा. हे मला शेजारच्या मंदाबाईंनी सांगितलं, त्या रोज ताईबरोबर कामाला असायच्या. विलास प्रत्येक वेळी म्हणाला, करतो. तोपर्यंत मोटार चालू-बंद करायचं काम त्यानं आपल्याकडं घेतलं होतं, इतकं मात्र त्यानं केलं. त्या सकाळी नऊ वाजता लाईट आली. कांद्याचं रोप उन्हानं माना टाकत होतं. विलास आळेफाट्याला गेलेला. ताईनं फोन लावला तर म्हणाला, "वहिनी, मला यायला दीड तास लागंल. बटणच दाबायचं हाय, तेवढं दाबून या. सकाळच्या गारव्याला माश्या गप असत्यात."

ती गेली. मोजे घातले, रुमाल बांधला आणि गेली. लाईट दुपारी जाणार होती आणि रोप दीड तास थांबणारं नव्हतं, एवढाच तिचा हिशोब. पेटीचं दार उघडताना धक्का बसला असावा. एक माशी पापणीवर, एक कानामागं, एक मोज्याच्या आणि बाहीच्या मधल्या उघड्या मनगटावर. तिनं तरीही बटण दाबलं. मोटार चालू झाली हे मंदाबाईंनी ऐकलं. मग ताई घराकडं पळत निघाली, कारण डबा घरात होता.

पुढचं मी मंदाबाईंना तीन वेळा विचारलं. त्यांनी तिन्ही वेळा रडत, पण न लपवता सांगितलं, म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही. त्या म्हणाल्या, "ताय दारात आल्या, तवा बोलत व्हत्या. 'मंदे, कपाटातला डबा' म्हणल्या. म्या डबा आणला. तवर वस्तीवरची सात-आठ मान्सं जमली. कुणी म्हणं लोखंड घासा, कुणी म्हणं तुळशीची माती लावा. म्या चुना लावला. त्यांना खाटंवर बसवलं, पाणी पाजलं. त्या डब्याकडं हात करीत व्हत्या, पर आवाज निघंना. म्या म्हणलं, कुणीतरी सुई द्या वो. तर समदे एकमेकांकडं बघाया लागले. एक जण म्हणला, आपण टोचायचं आन बाईला काय झालं तर आपल्यावर येईल..."

"मग?"

"मग त्यांनीच कुपी उचलली. बोटं सुजली व्हती. कुपी हातातनं सटकली, फरशीवर फुटली."

"दुसरी?"

 "दुसरी डब्यातच व्हती," मंदाबाई म्हणाल्या. "तशीच ऱ्हायली."

तिला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेलं. बसवून. तोच तो लहान वयाचा डॉक्टर धावत बाहेर आला. त्यानं पुष्कळ केलं. नंतर दाजींना तो म्हणाला की पोचायला चाळीस मिनिटं गेली, आणि तिला उठवून, बसवून आणलं. "मी कागदावर लिहून दिलं होतं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. कागद डब्यात होता. सात-आठ माणसं तिच्याभोवती होती, त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत होतं. कुणी तो उघडला नाही.

आणि सासूबाई? सासूबाई आदल्या दिवशी डिंगोऱ्याला बहिणीकडं गेल्या होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदा मुक्कामाला. ताईनंच आग्रह करून पाठवलं होतं, "जाऊन या, मी काय तान्ही हाय का?" असं म्हणून. दुपारी त्यांना आणलं तेव्हा ताईला ओसरीवर ठेवलं होतं. बाया जागा करून देत होत्या, पण त्या ताईजवळ गेल्याच नाहीत. सरळ आत गेल्या, डबा घेऊन आल्या, उरलेली कुपी बाहेर काढली आणि उन्हात धरून बघितली. मग जमलेल्या माणसांकडं बघत म्हणाल्या, "मी घरी पायजे व्हते. सहा बारी टोचलं व्हतं मी. माझा हात चुकला नसता."  दाजी भिंतीला डोकं टेकून बसले होते. मला त्या क्षणी वाटलं की या घरात ताईचं एकच माणूस होतं, आणि ते आम्ही कुणी नव्हतो.

दहाव्याला एकेक जण येऊन बोलून गेला. वेळ भरली होती. देवाला चांगली माणसं लागतात. शेतात असं चालायचंच. मी ऐकत राहिले. वेळ भरली नव्हती. वेळ चाळीस मिनिटं होती आणि ती आम्ही लोखंड घासण्यात घालवली, आणि त्याच्याआधी वर्षभर हसण्यात घालवली. जेवणं उरकल्यावर विलास माझ्याजवळ आला. डोळे लाल होते, खोटं कशाला बोलू. म्हणाला, "पोळं जाळलं मी. दुसऱ्या दिवशीच जाळलं."

"किती वेळ लागला?" मी विचारलं.

त्याला प्रश्न कळला नाही. "कशाला?"

"पोळं जाळायला."

 तो खाली मान घालून म्हणाला, "पाच मिनटं." आणि अंगणाबाहेर निघून गेला. त्याच्यावर ओरडायचं मी पुण्याहून ठरवून आले होते. पण त्याला विचारलेला प्रश्न माझ्याकडंच फिरला. दवाखान्यात नंबर लावायला किती वेळ लागला असता? तेवढाच. मग मी काय ओरडणार?

मागच्या रविवारी पुन्हा बोरीला जाऊन आले. दाजींनी रजा वाढवली आहे, कांदा कसाबसा लावून झाला. सासूबाई माझ्याशी चार शब्द बोलल्या आणि आत जाऊन पडल्या. मी ओट्यावर एकटीच बसले होते. बाहेरच्या भिंतीवर, दाराच्या उजव्या अंगाला, ताईनं काळ्या रंगाचा एक चौकोन रंगवून घेतलेला आहे. शेतीची लाईट कोणत्या वारी किती वाजता येणार, किती वाजता जाणार, हे ती दर आठवड्याला त्यावर खडूनं लिहायची. वस्तीवरचे सगळे येता-जाता तिथं बघून जायचे. कुणी तिला ते काम दिलं नव्हतं. ती वायरमनला फोन करून विचारायची आणि सोमवारी सकाळी लिहून टाकायची, नऊ या आकड्याला मोठं शेपूट काढून. तिनं लिहिलेला शेवटचा आठवडा अजून तसाच आहे. वेळा केव्हाच बदलल्या. सगळ्या चुकीच्या आहेत. पुसायला कुणाचा हात होत नाही आणि नवं लिहायचं कुणाला सुचलेलं नाही.

मी बघत असतानाच पलीकडच्या वस्तीवरचे एक म्हातारे सायकल हातात धरून अंगणात आले. भिंतीसमोर उभे राहिले, डोळे बारीक केले, बोटानं ओळ धरून वाचलं. मग सवयीनं दाराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "सूनबाई, हे या आठवड्याचंच हाय ना गं?"

आतून कुणी ओ दिली नाही. त्यांना आठवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं, सायकल वळवली आणि निघून गेले.